आंबा घाट चढताना नॉक: मॅप ९३ चा, पेट्रोल ९५ चं, तरी टायमिंग मागे का?

मांडवी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

गाडी ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, डीएसजी (आपोआप बदलणारे गिअर). मी दुसरा मालक. गेल्या दिवाळीत घेतली तेव्हा ६२ हजार किलोमीटर झाले होते. पहिल्या मालकाने स्टेज वन रिमॅप करून घेतला होता, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल (मॅप) बदलून घेतली होती, त्याचा कागदही त्याने मला दिला. कागदावर स्पष्ट लिहिलंय, "९३ ऑक्टेन". मी नोकरीला पुण्यात, घर रत्नागिरीला. महिन्यातून एकदा कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा येऊन-जाऊन प्रवास.

पुण्यातून निघताना गाडी सुसाट पळते. घाट उतरून घरी पोचेपर्यंत काहीच जाणवत नाही. परतताना मात्र साखरपा सोडून चढ लागला की गाडी मरगळते. पाय दाबला की दोन सेकंद जोरात ओढते आणि मग कुणी मागून धरून ठेवल्यासारखी होते. मे महिन्यात भर दुपारी आई-बाबांना घेऊन वर येत होतो. एका वळणावर काच खाली केली, बाजूला दगडी कठडा होता, त्यावर आपटून इंजिनचा आवाज परत येत होता. त्या आवाजात बारीक टिकटिक ऐकू आली, पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून हलवावेत तशी. पाय उचलला की बंद. बाबा म्हणाले, "गाडी दमलीय, थांबव जरा." थांबलो, दहा मिनिटांनी निघालो, पुढच्या चढाला पुन्हा तेच.

इंजिनचा दिवा लागत नाही. एका ठिकाणी स्कॅनर लावला, म्हणाले कोड नाही, गाडी ठणठणीत. दुसऱ्या ठिकाणी टर्बो गेलाय म्हणाले आणि जो खर्च सांगितला तो ऐकून मी गप्प घरी आलो.

मी पुण्यात आणि रत्नागिरीतही ९५ चंच पेट्रोल भरतो. मॅप ९३ चा, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा दोन आकडे वरचंच आहे. मग नॉक, म्हणजे ही टिकटिक, येतोच कशी? की टर्बो खरंच गेलाय?

पनवेल_पहाटे

टर्बो वगैरे काही नाही. १०० ऑक्टेन भर, विषय संपला. एक्सपी१००, म्हणजे इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल, डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, त्यामुळे तुला घराजवळ मिळेल. साध्यापेक्षा जवळजवळ दीडपट पैसे पडतात, पण अशी गाडी घेतलीस तर तेवढं लाव. नाहीतर ऑक्टेन बूस्टरची एक बाटली डिकीत ठेव.

कुडाळ_गॅरेज

तुमचा टर्बो गेलेला नाही. पाय दाबल्यावर दोन सेकंद जोरात ओढते असं तुम्हीच लिहिलंय. गेलेला टर्बो तेवढंही ओढत नाही. त्यावर एक रुपयासुद्धा खर्च करू नका.

घोळ आकड्यांचा आहे. कागदावरचं ९३ आणि पंपावरचं ९५ ही एका मापातली नाहीत. एकाने तांदूळ पायलीने मोजले आणि दुसऱ्याने किलोने, तर आकडे शेजारी ठेवून काय कळणार? आपल्याकडे आणि युरोपात पंपावर लिहितात तो आरओएन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. अमेरिकेत पंपावर आरओएन आणि एमओएन या दोघांची सरासरी लिहितात. हा एमओएन, म्हणजे मोटर ऑक्टेन नंबर, जास्त कठीण परीक्षेतला. परीक्षेचं इंजिन दोन्हीकडे एकच, एका सिलिंडरचं, चालू असताना कंप्रेशन कमी-जास्त करता येणारं. पण आरओएन ६०० आरपीएमला काढतात आणि एमओएन ९०० आरपीएमला, मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून. त्यामुळे त्याच पेट्रोलचा एमओएन आठ-दहा आकड्यांनी कमी येतो.

आता हिशोब करा. अमेरिकेतलं ९३ म्हणजे आपल्या मापात साधारण ९८. आणि तुमचं ९५ त्यांच्या मापात जेमतेम ९० ते ९१. म्हणजे तुमचं पेट्रोल मॅपपेक्षा दोन आकडे वर नाही, तीन आकडे खाली आहे. रिमॅपच्या बऱ्याच फाइली अमेरिकेच्या बाजारासाठी लिहिलेल्या असतात आणि इथे तशाच्या तशा विकल्या जातात. विकणाऱ्याने तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही, कदाचित त्यालाही हे कुणी सांगितलं नसेल. पण त्या कागदावर आकड्यापुढे मापाचं नाव नाही, आणि ते नसणं हीच मोठी चूक आहे.

वरच्या मित्राने बूस्टरची बाटली सुचवली. ती नको. बाटलीवर "३० पॉइंट वाढ" लिहिलेलं असतं, पण तो पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दशांश. ३० पॉइंट म्हणजे तीन आकडे, तेसुद्धा मिळाले तर. पुन्हा मापाचाच खेळ. काही बूस्टरमध्ये लोखंडाचं संयुग असतं, त्याचा तांबूस थर प्लगच्या पोर्सेलिनवर बसतो आणि ठिणगी तिथूनच गळते.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असं लोक समजतात. ते चूक आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. दाबलं, तापवलं, तरी आपणहून पेटायचं नाही, ठिणगी पडेपर्यंत थांबायचं. आयसो-ऑक्टेनला १०० धरलंय, एन-हेप्टेनला शून्य. ९५ म्हणजे ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांचं मिश्रण जेवढा धीर धरेल तेवढा.

आपल्याकडे मे महिन्यात भाजावळ करतात (डहाळ्या-पाल्याचा कवळ पसरून जमीन भाजतात) ती ज्यांनी पाहिलीय त्यांना नॉक समजायला वेळ लागणार नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बांधावरून पेटवायचं, आग कवळावरून हळूहळू सरकत जाते, माणूस ढाप घेऊन बाजूला उभा. सिलिंडरमध्येही ठिणगी पडली की आग अशीच एका बाजूने सरकते. पण सरकताना ती पुढचा न जळलेला वायू दाबते आणि तापवते. त्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या वायूचा धीर सुटला की तो आग पोचायच्या आधी, आपणहून, सगळा एकदम पेटतो. मग दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. तुम्हाला कठड्यावरून ऐकू आली ती टिकटिक म्हणजे ही लाट.

माझे वडील याच गॅरेजमध्ये पद्मिनी गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावायचे. टायमिंग पाहायची स्ट्रोबची बंदूक पुष्कळ नंतर आली. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचे, थोडं पुढे फिरवायचे आणि गाडी चढावर टॉप गिअरमध्ये नेऊन पाय दाबायचे. हलकी टिकटिक आली की केसभर मागे फिरवून बोल्ट आवळायचे. मी पाना हातात घेऊन पुढे गेलो की म्हणायचे, "आधी कानान आयक, मगे पानो घे." तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते आपल्याकडे २००० साली बंद झालं. तुमच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नेमकं तेच करतो जे वडील करायचे. टायमिंग पुढे नेतो, ऐकतो, आवाज आला की मागे घेतो. फरक इतकाच की वडील वर्षातून दोनदा करायचे, हा दर फेऱ्याला करतो, आणि प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं. तुमची गाडी "मरगळते" ती यामुळेच. नॉक ऐकून तिने टायमिंग मागे घेतलंय. टायमिंग मागे गेलं की दाब उशिरा तयार होतो, ताकद जाते, आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोवर जाते.

आणखी एक. तुम्ही पुण्याला १०० भरलं तरी घाटात त्याचा उपयोग किती? जाताना आंबा घाट उतरायचा असतो, तिथे इंजिनवर ताणच नसतो. येताना चढायचा, आणि चढताना टाकीत असतं रत्नागिरीचं पेट्रोल. पन्नास लिटरची टाकी, पुण्याचं बहुतेक घरी पोचेपर्यंतच जळलेलं. म्हणून मॅप नेहमी त्या पेट्रोलसाठी लिहून घ्यायचा जे चढाच्या आधी मिळणार आहे, आणि मिळणाऱ्यांपैकी सर्वांत हलकं असेल ते धरून.

एक काम करा. ओबीडीला, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटला, जोडायचं साधन असेल तर तिसऱ्या गिअरला, सपाट मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी लॅपटॉप धरायला बसवून, २५०० पासून ५५०० पर्यंत पूर्ण पाय दाबून एकदा न्या. चारही सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती अंश मागे घेतलीय), आत येणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि लॅम्डा (हवा आणि इंधन यांचं प्रमाण) एवढंच नोंदवा. आकडे इथे टाका. घाटात हे करू नका, आणि आई-बाबांना घेऊन तर मुळीच नको.

मांडवी_रत्नागिरी

काका, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. कागद पुन्हा काढला. खाली बारीक अक्षरात फाइलच्या नावात "यूएस" आहे! सहा महिने कागद माझ्या कपाटात होता.

रविवारी सकाळी मित्राला घेऊन लॉग घेतला. रत्नागिरीचं ९५ चं पेट्रोल, बाहेर ३३ अंश. ३८०० आरपीएमच्या आसपासचे आकडे:

पहिला सिलिंडर −४.५ अंश
दुसरा −७.५
तिसरा −६.०
चौथा −४.५

हवेचं तापमान सुरुवातीला ४४, शेवटी ५८. लॅम्डा ठीक वाटतोय, मागितलेला आणि मिळालेला जवळपास सारखा. लगेच दुसऱ्यांदा ओढली तर दुसऱ्या सिलिंडरला −९.० दिसलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

यात सेन्सरच खोटं बोलत असेल अशी शक्यता आहे का? एक मित्र म्हणतो सेन्सर बदल, स्वस्तात काम होईल.

कुडाळ_गॅरेज

तिसऱ्यांदा ओढली नाहीस हे फार चांगलं केलंस. (काका म्हणालास, आता मी तू म्हणतो.)

लॉग सरळ आहे. उन्हाळ्यात एखाद्या सिलिंडरला क्षणभर दीड-तीन अंश मागे जाणं मी काळजीचं धरत नाही, चांगल्या टायमिंगच्या गाडीत ईसीयू काठावरच चालत असतो. पण चारही सिलिंडर एकदम साडेचार किंवा त्याच्याही पुढे, आणि दुसऱ्या ओढीला नऊ, म्हणजे मॅप जिथे उभा आहे तिथे हे पेट्रोल उभं राहूच शकत नाही. सेन्सर खोटं बोलत असता तर सहसा वेगळं चित्र दिसतं: हवा गरम असो की गार, रिटार्ड तेवढाच, किंवा ठरावीक आरपीएमलाच, कारण हीट शील्डचा पत्रा किंवा एक्झॉस्टचा ब्रॅकेट त्याच आरपीएमला वाजत असतो. तुझा रिटार्ड हवा तापली तसा वाढलाय. हा खरा नॉक आहे.

सेन्सरबद्दल विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो, कारण हा भाग लोक फार हलक्यात घेतात.

नॉक सेन्सर म्हणजे आत पिझो स्फटिकाची चकती असलेली, मधे भोक असलेली जाड कडी, ब्लॉकला एका बोल्टने बसवलेली. ब्लॉक थरथरला की चकतीवर दाब पडतो आणि तेवढा व्होल्टेज निघतो. पण इंजिनमध्ये आवाज काय कमी असतात? व्हॉल्व्ह बसतात, इंजेक्टर टकटकतात, चेन फिरते. या गोंधळात ईसीयू नॉक कसा ओळखतो? एक म्हणजे तो सतत ऐकत नाही. पिस्टन वरून खाली निघाल्यावरच्या थोड्या अंशांत, जेव्हा नॉक होणं शक्य असतं, तेवढीच खिडकी उघडतो. कोणत्या सिलिंडरची खिडकी चालू आहे हे त्याला क्रँकवरून माहीत असतं, म्हणूनच तुला सिलिंडरवार आकडे मिळाले. दुसरं म्हणजे तो एका पट्टीचाच आवाज ऐकतो. नॉकची लाट सिलिंडरच्या व्यासात घुमते, त्यामुळे व्यास जितका मोठा तितकी पट्टी खालची. शिमग्याचा ढोल खर्जात आणि ताशा वर, तसंच. तुझ्या इंजिनचा बोअर ८२.५ मिलिमीटर, त्याचा नॉक साधारण साडेसहा-सात हजार हर्ट्झला येतो. दीडशे सीसीच्या मोटारसायकलचा दहा हजारांच्या आसपास जाईल. आणि तिसरं, नॉक नसतानाचा नेहमीचा आवाज किती हे तो सतत शिकत असतो आणि त्याच्या किती पट वर गेला हे पाहतो. खोट्या आवाजाने तो घाबरतो, पण त्याहून वाईट म्हणजे नेहमीचा आवाजच मोठा झाला तर खरा नॉक त्यात बुडतो.

सेन्सर बहिरा झाला तर काय होतं ते मी एकदा हातात धरून पाहिलंय. मालवणहून एक टर्बो गाडी आली होती, धूर आणि ऑइल खात होती. बारा महिने बंदराजवळ उघड्यावर उभी राहणारी. आधी कुठेतरी मॅनिफोल्ड काढून साफ केला होता आणि परत बसवताना नॉक सेन्सरखाली स्प्रिंग वॉशर घातला होता. घालणाऱ्याला वाटलं असेल, बोल्ट सुटू नये. पण ही कडी थेट स्वच्छ धातूवर, मधे काहीही न घालता बसली पाहिजे आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळला पाहिजे, बॉशच्या बहुतेक सेन्सरना २० न्यूटन-मीटर. कमी आवळला तर थरथर पोचत नाही, जास्त आवळला तर चकती दबून जाते. वॉशर मधे, त्याखाली खाऱ्या हवेने चढलेला पांढरा थर, म्हणजे कानावर रजई घालून झोपल्यासारखं. वायर शाबूत, म्हणून कोड नाही. ईसीयूला सगळं शांत ऐकू येत होतं आणि तो टायमिंग पुढे नेत राहिला.

हेड उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी खडबडीत, आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगमधली पट्टी दोन ठिकाणी तुटून रिंगबरोबर फिरत होती. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, नख फिरवलं की अडकत होतं. प्लग भिंगाखाली धरला तर पोर्सेलिनवर मिरपूड उडवल्यासारखे काळे ठिपके आणि त्यात मधेच बारीक चंदेरी कण. ते चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. गाडीचा मालक शेजारी उभा होता, मी त्याच्या हातात भिंग दिलं. तो काही बोलला नाही.

म्हणून तुझ्या गाडीत पहिलं काम: चारही प्लग काढ आणि उजेडात नीट पाहा. विशेषतः दुसरा. चंदेरी कण नसतील तर नशीब, वेळेवर थांबलास. आणि सेन्सर तुझा उत्तम काम करतोय. सहा महिने तोच ती गाडी वाचवतोय. त्याला बदलू नकोस.

दुसरं काम: मॅप करणाऱ्याला लॉग पाठव आणि ९५ आरओएनची फाइल माग. माग म्हणजे "९५ ची" एवढंच नव्हे, "९५ आरओएन" असं लिहून. त्यात बूस्ट थोडा कमी आणि मधल्या आरपीएमचं टायमिंग मागे असेल. दहा-पंधरा घोडे कमी मिळाले तरी ते घाटात शेवटपर्यंत मिळतील. आता कागदावर जास्त आहेत आणि चढावर नाहीत. देत नसेल तर कंपनीचा मूळ मॅप परत टाकून घे. तुझं इंजिन मूळ मॅपवर ९५ साठीच आहे.

तोपर्यंत घाट चढताना डीएसजीला आपल्या मनाने चालू देऊ नकोस. ती पेट्रोल वाचवायला पाचवा-सहावा टाकते आणि १५०० आरपीएमला टर्बो पूर्ण दाब देतो. कमी फेऱ्यांवर जास्त दाब ही सर्वांत वाईट जागा. तिथे नुसता नॉक नाही, ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात. तो ठिणगीच्या आधीच होत असल्यामुळे टायमिंग मागे घेऊनही थांबत नाही. हाताने तिसरा ठेव, ३००० च्या वर चालव, पाय अर्धा. ऑइल बदलशील तेव्हा गाडीला लागणाऱ्या ग्रेडमध्ये एपीआय एसपी असलेलं घे. २०२० चं हे मानक याच प्रकाराची चाचणी घेतं.

चिपळूण_रसायन

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गाड्यांबद्दल कुडाळच्या काकांनी सगळं सांगितलंय, मी पेट्रोलच्या बाजूने थोडं जोडते, कारण आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे.

नॉकच्या बाबतीत इथेनॉल मदतच करतं. त्याचा आरओएन १०८ च्या आसपास. शिवाय ते वाफ होताना पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात आतली हवा थंड होते. पण ते जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो, एक किलो इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. रिमॅप केलेल्या गाडीत इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील तर वरच्या आरपीएमला इंधन कमी पडतं आणि मिश्रण पातळ होऊन नॉक वाढतो. काकांनी लॅम्डा नोंदवायला सांगितला तो यासाठीच असणार. तुमचा बरोबर आहे, म्हणजे तो प्रश्न नाही.

पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी विरघळून जातं, प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. गाडी जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरीला आठवडेच्या आठवडे उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतली दमट हवाच पाणी आणते. आणि पंपावर टँकर रिकामा होत असताना भरू नका, तळाशी बसलेलं ढवळून निघतं.

बरेच जण म्हणतात किनाऱ्यावरच्या दमट हवेने नॉक वाढतो. उलट आहे. हवेतली वाफ ज्वलन मंद करते आणि नॉक थोडा कमीच होतो. नॉक वाढवते ती उष्णता.

ठाणे_जुनी_गाडी

एक भर. नॉक ऐकायला पिझो सेन्सर हा एकच मार्ग नाही. स्वीडनच्या साबने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच नॉक ऐकून टर्बोचा बूस्ट कमी करणारी एपीसी यंत्रणा आणली होती, त्यामुळे एकच गाडी वेगवेगळ्या ऑक्टेनवर चालायची. पुढे त्यांनी स्पार्क प्लगलाच कान केलं. ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या फटीतून बारीक प्रवाह सोडायचा आणि ज्वाळेतल्या आयनांमुळे तो कसा हलतो ते पाहायचं. बीएमडब्ल्यूच्या ई६० एम५ च्या व्ही१० इंजिनातही असंच होतं. ८००० च्या वर फिरणाऱ्या इंजिनात ब्लॉकवरचा सेन्सर इतर आवाजांत गोंधळतो, प्लग थेट आत असतो.

कुडाळकाका, समुद्रसपाटीचा काही फरक पडत असेल का? माझी बिनटर्बोची गाडी पुण्यात ट्यून केली आणि अलिबागला नेली की जरा जास्त खडखडते.

कुडाळ_गॅरेज

पडतो, आणि बिनटर्बोला जास्त पडतो. पुणं साडेपाचशे मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी. खाली आलं की तेवढी हवा जास्त भरते, दाब वाढतो. टायमिंग पुण्यात अगदी काठावर लावलं असेल तर अलिबागला काठ ओलांडणारच. एक-दोन अंश मागे घ्या, किंवा लावतानाच किनाऱ्यावर लावा. टर्बोमध्ये ईसीयू ठरलेला दाब भरून घेतो, म्हणून तिथे फरक कमी.

बाईंनी टँकरचं सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय.

मांडवी_रत्नागिरी

सर्वांचे आभार. तीन आठवडे लागले, म्हणून उशिरा लिहितोय.

प्लग काढले. पहिला, तिसरा, चौथा: चंदेरी काही नाही. दुसऱ्यावर काळे ठिपके होते, आठ-दहा. बाबांच्या पोथी वाचायच्या भिंगातून पंधरा मिनिटं पाहिलं, बाबांनीही पाहिलं. चंदेरी कण नाही. चारही प्लग नवे घातले. कंप्रेशन तपासून घेतलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे.

मॅपवाल्याला लॉग पाठवला, "९५ आरओएन" असं लिहून. आधी म्हणाला फाइल बरोबर आहे. मग काकांचा हिशोब पाठवला. दुसऱ्या दिवशी नवी फाइल आली, पैसे घेतले नाहीत.

काल रत्नागिरीत ९५ भरून दुपारी दोनला निघालो. बाहेर ३४. साखरप्यानंतर हाताने तिसरा, मित्र शेजारी लॅपटॉप घेऊन. संपूर्ण घाटात पहिल्या सिलिंडरला शून्य, तिसऱ्या-चौथ्याला अधूनमधून −१.५, दुसऱ्याला दोनदा −३.०. हवेचं तापमान ५५ पर्यंत गेलं होतं. त्याच कठड्याशी काच खाली केली. टर्बोची शिट्टी आणि टायरचा आवाज. खडे वाजले नाहीत.

काका, दुसऱ्या सिलिंडरलाच जास्त का? ते ठिपकेही त्यालाच होते.

कुडाळ_गॅरेज

मधल्या सिलिंडरना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची धग असते, टोकाच्यांना एकाच. पण तिसराही मधलाच आणि तो शांत आहे, म्हणून नुसतं त्यावर सोडून देऊ नको. थेट फवाऱ्याचं इंजिन आहे, ७० हजारांच्या आसपास व्हॉल्व्हच्या मागे आणि पिस्टनवर कार्बन साचतो. पिस्टनवरचा कार्बन जागा खातो, त्या सिलिंडरचं कंप्रेशन इतरांपेक्षा वाढतं आणि तापलेला कण निखाऱ्यासारखा राहतो. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून दुसरा आणि तिसरा पिस्टन शेजारी-शेजारी पाहा. इंजेक्टरचा फवाराही तपासून घे, एखादं भोक तुंबलं असेल तर तो एकटाच सिलिंडर पातळ चालतो आणि लॅम्डा चौघांची सरासरी दाखवतो, त्यात लपून जातं.

घाई नाही, तीन अंशांत गाडी आरामात चालेल. गणपतीला घरी येशील तेव्हा दोन हजार किलोमीटर झालेले असतील. दुसरा प्लग काढ आणि नव्या प्लगवर एकही ठिपका दिसला तर त्याच दिवशी फोटो इथे टाक.